वाचक विचारतात: पोलिसांनी गाडीचं लोकेशन मागितलं तर?

प्रश्न: नमस्कार ताई, कळंगुट साईडला माझा रेंट-अ-कॅबचा छोटा धंदा आहे, काळ्या पाटीच्या सहा गाड्या, सगळ्यांना जीपीएस लावलाय कारण मागे एक गाडी न सांगता थेट बेळगावच्या पुढे गेली होती. तीन महिन्यांपूर्वी पोलीस स्टेशनातून फोन आला की अमुक नंबरची गाडी कुठे आहे बघून सांग, मी सांगितलं, मग म्हणाले सारखा तुला कशाला त्रास, ॲपचा लॉगिन-पासवर्डच व्हॉट्सॲपवर टाक. टाकला. नाही कसं म्हणणार, उद्या गाड्या त्यांच्यासमोरूनच जायच्यात. त्या केसचं काय झालं माहीत नाही, पासवर्ड मात्र अजून त्यांच्याकडेच आहे आणि सहाही गाड्या दिसतात. सीझन नसला की त्यातली एक बायको वापरते, मुलांना शाळेत सोडायला. मी चुकलो का?

उत्तर: दादा, आधी पासवर्ड बदला. हे वाचून झालं की लगेच, बाकीचं मग. बदलल्यावर ॲपमध्ये सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करायची सोय असेल तर तीही वापरा, नाहीतर जुन्या फोनवर ॲप उघडंच राहतं.

तुम्ही घाबरून दिलात, त्यात तुमचा गुन्हा काही नाही. पण मागायची रीत चुकीची होती हे मी स्पष्ट सांगते. १ जुलै २०२४ पासून क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ९४ खाली पोलीस स्टेशनचा प्रभारी अधिकारी तपासासाठी लागणारी माहिती मागवू शकतो, मोबाईल-कॉम्प्युटरमधली सुद्धा. पण त्यासाठी लेखी आदेश लागतो. आदेश कागदावर असो की इलेक्ट्रॉनिक, दोन्ही चालतं, म्हणजे व्हॉट्सॲपवर आला म्हणून लगेच खोटा ठरत नाही, पण आदेश हवा, त्यावर अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, कुठल्या केससाठी आणि कुठल्या तारखांचं हवंय ते असायला हवं. "पासवर्ड टाक" हा आदेश नव्हे.

यापुढे आदेश आला की त्या एका गाडीचा, तेवढ्याच तारखांचा रिपोर्ट डाउनलोड करून द्या आणि पोच घ्या. लॉगिन कुणालाच देऊ नका. मूल पळवून नेलंय किंवा कुणाचा जीव धोक्यात आहे असं असेल तर कागदाची वाट बघत बसू नका, तिथे आधी लोकेशन द्या आणि कागद त्याच दिवशी मागून घ्या, मी तरी हेच करीन.

यात पोलिसांचंही भलं आहे, ते त्यांना नीट सांगा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा टिकायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, तुमच्या पासवर्डने कुणीतरी मोबाईलवर बघून काढलेला स्क्रीनशॉट बचावाचा वकील पहिल्याच तारखेला उडवू शकतो.

आणि लोक म्हणतात ना, गाडी रस्त्यावर सगळ्यांना दिसतेच, मग लपवायचं काय, तर त्यासाठी सांगते. हा प्रश्न आला तेव्हा मी माझ्या भावाला त्याच्या गाडीचं ॲप उघडायला लावलं, एका महिन्याचा प्लेबॅक लावला आणि दोघं बघत बसलो. नकाशावर निळी रेघ पळते, जिथे गाडी थांबली तिथे लाल टिंब, टिंबावर बोट ठेवलं की किती वाजता आणि किती मिनिटं ते येतं. मंगेशीला ४० मिनिटं. पर्वरीला वकिलाच्या ऑफिसबाहेर तासभर. बांबोळीला सलग तीन मंगळवार, सकाळी. बांबोळी म्हटल्यावर गोव्यात मोठं सरकारी हॉस्पिटल हे कुणालाही कळतं, आणि भावाने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ते असं कळलं. आम्ही ॲप बंद केलं आणि बराच वेळ बोलत बसलो. रस्त्यावर उभ्या माणसाला एक गाडी एकदा जाताना दिसते, पण महिनाभराचं प्लेबॅक ज्याच्या हातात आहे त्याला घरातलं दुखणं दिसतं.

तुमच्या कस्टमरचंही तसंच, म्हणून भाड्याच्या करारात "गाडीत जीपीएस चालू आहे" अशी ओळ घाला आणि डॅशबोर्डवर स्टिकर लावा.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर मोपा एअरपोर्टवर टॅक्सी मारतात. गाडीत सरकारी नियमाचा ट्रॅकर आणि लाल बटण आहे. गाडी दारात उभी असली तरी दिसते का? (पेडणे)

उत्तर: हो वहिनी, इंजिन बंद असलं तरी ते डिव्हाइस अधूनमधून लोकेशन पाठवतं, आत छोटी बॅटरी असते. २०१६ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घातला, त्याप्रमाणे टॅक्सी-बसना ते सक्तीचं आहे, दुचाकी आणि रिक्षाला नाही. केलंय प्रवाशांच्या, खास करून बायकांच्या सुरक्षेसाठी. ते काढू नका, फिटनेसला अडेल. त्याची माहिती कुठल्या केससाठी हवी असेल तर तिथेही वरचंच उत्तर लागू.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त शिक्षक. पोलीस आपल्या खाजगी गाडीखाली गुपचूप ट्रॅकर चिकटवू शकतात का? परदेशात यावर कायदा आहे असं ऐकतो, आपल्याकडे कोण लक्ष ठेवतं? (फोंडा)

उत्तर: सर, प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये एका नाईटक्लब मालकाच्या बायकोच्या नावावरच्या जीपला पोलिसांनी ट्रॅकर लावला होता, वॉरंट होतं पण १० दिवसांत आणि वॉशिंग्टनच्या हद्दीत लावायचं होतं, यांनी लावला अकराव्या दिवशी, शेजारच्या मेरीलँड राज्यात, आणि २८ दिवस माग काढला, दोन हजारांवर पानं भरतील एवढी नोंद झाली. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ही झडतीच आहे असं ठरवलं.

आपल्याकडे गाडीला ट्रॅकर लावण्यासाठी असा वेगळा कायदाच नाही. आहे तो आपल्या सुप्रीम कोर्टाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टास्वामी निकाल, नऊ न्यायाधीशांचा, प्रायव्हसी हा घटनेच्या कलम २१ खाली मूलभूत हक्क आहे म्हणणारा. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय कामापुरताच हवा. मग कायदाच नसेल तर गुपचूप ट्रॅकर पहिल्याच पायरीवर अडतो, असं माझं मत. ८ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ड्रग्जच्या केसमधल्या आरोपीला सुद्धा जामिनासाठी गुगल मॅपचा पिन तपास अधिकाऱ्याला द्यायला लावणारी अट रद्द केली. आरोपीला जर हे संरक्षण आहे तर तुम्हा-आम्हाला असायलाच हवं.

आता लक्ष कोण ठेवतं. फोन टॅप करायचा तर राज्याच्या गृहसचिवांची लेखी मंजुरी लागते, ती ६० दिवसांची, वाढवून जास्तीत जास्त १८०, आणि नंतर रिव्ह्यू कमिटी ते तपासते. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं तेव्हा कुठे ही शिस्त आली. गाडीच्या लोकेशनला यातलं काहीच नाही, ना मुदत ना कमिटी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही गुन्ह्याच्या तपासाला बरीचशी सूट दिलीय, डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी सुटत नाही. मला मनापासून वाटतं की फोनला जी कमिटी आहे तीच गाडीलाही हवी, आणि आपण गोंयकारांनी ती मागायला हवी. तुम्ही वेळ काढू शकता तर आरटीआय टाका: वर्षभरात किती गाड्यांचं लोकेशन मागवलं, किती वेळा लेखी आदेशाने, केस संपल्यावर ते पुसतात का.

गाडीखाली खरंच काही सापडलं तर फोडू नका, फेकू नका, आहे तिथेच फोटो काढा, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. बहुतेक वेळा ते आधीच्या मालकाचं किंवा लोन देणाऱ्या फायनान्सवाल्यांचं निघतं. एखाद्या बाईच्या गाडीखाली सापडलं तर विषय वेगळा, पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, सरळ तक्रार द्या. आणि तुमच्याच पोलीस स्टेशनवर संशय असेल तर वरच्या अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, गोव्यात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, तिथेही एक प्रत पाठवा आणि दोन्हीकडचा पोचशिक्का जपून ठेवा.