तिसरा नंबर येऊनही वर कसे गेले?

प्रश्न: लेले ग्राउंडवर खेळून झालं की आमच्यात वाद होतो. इंग्लंडच्या फुटबॉलमधले नॉटिंगहॅम फॉरेस्ट सेकंड डिव्हिजन जिंकून वर फर्स्ट डिव्हिजनला आलेले की नाही? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: नाही हो, जिंकले नव्हते. 1976-77 ला वुल्व्ह्स पहिले, चेल्सी दुसरे आणि फॉरेस्ट तिसरे, पण तेव्हा पहिले तिघं सरळ वर जायचे, प्लेऑफ वगैरे भानगड नव्हती. विजयाला दोनच पॉइंट मिळायचे, फॉरेस्टचे झाले 52 आणि बोल्टनचे 51, म्हणजे बघा किती थोडक्यात वाचले! त्यांच्या मॅचेस संपलेल्या, बोल्टनच्या बाकी होत्या, आणि बोल्टन घरच्या मैदानावर वुल्व्ह्सकडून 1-0 हरले तेव्हा फॉरेस्टची पोरं सुट्टीला मयोर्काच्या विमानात बसलेली.

मला विचाराल तर खरी कमाल जॉन रॉबर्टसनची, मिडफिल्डमध्ये रखडलेला, वजन वाढलेला खेळाडू, मॅनेजर ब्रायन क्लफ आणि असिस्टंट पीटर टेलरनी त्याला डाव्या विंगला लावलं आणि 1979 च्या युरोपियन कप फायनलला गोल त्याच्याच क्रॉसवर झाला. वर आले त्याच 1976-77 च्या सीझनला फॉरेस्टनी अँग्लो-स्कॉटिश कप (इंग्लंड-स्कॉटलंडच्या क्लबांची स्पर्धा) पण मारला, लोक त्याला किरकोळ म्हणतात पण क्लफ त्याला फार मानायचे, कारण पोरांना जिंकायची सवय तिथंच लागली.