शाई दिसली म्हणून हाडाचा फ्लॅप जिवंत धरू नका

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, थिसिससाठी सशाच्या कवटीवर पेडिकलसकट, म्हणजे रक्त पोचवणाऱ्या मऊ देठासकट, हाडाचा फ्लॅप (तुकडा) उचलणार आहात आणि चार आठवड्यांनी रक्तवाहिन्यांत शाई सोडून रक्तपुरवठा बघणार आहात. वाचून पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी नवी मुंबईत मी अगदी हाच आराखडा घेऊन उतरलो होतो.

हेपारिन, शाई, जिलेटिन कसं सोडायचं यात शिरत नाही, ते गाईड दाखवतील. माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

माझे दोन गट होते. एकात पेडिकल राखलेला फ्लॅप, दुसऱ्यात पूर्ण सुटं करून त्याच जागी बसवलेलं हाड. सगळे ससे २८व्या दिवशी मारून तपासले. स्लाइड आल्या तर दोन्हीकडे शाई! आठवडाभर आम्ही शाईलाच दोष देत बसलो. शेवटी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी विचारलं, "हाडाच्या खाली काय घातलं होतंस?" काहीच घातलं नव्हतं. चार आठवड्यांत खालच्या ड्युरातून (मेंदूवरच्या जाड आवरणातून) आणि कडेच्या हाडातून नव्या वाहिन्या सुट्या हाडातही शिरतात. मेलेलं हाड झिजत जातं, त्या जागी नवं चढत जातं. रक्त पेडिकलमधून आलं की खालून, हे शाई सांगत नाही. बारा ससे गेले आणि ज्या प्रश्नासाठी गेले त्याचं उत्तर त्या आराखड्यातून मिळणं शक्यच नव्हतं. हे मला अजून सलतं.

म्हणून माझं ठाम मत: फ्लॅप आणि ड्युरा यांच्यामध्ये सिलिकॉनची पातळ शीट हवीच, कडांनाही वळवून. तिसरा गट ठेवा, फ्लॅप तसाच उचलायचा पण पेडिकल बांधून टाकायचा. आणि एकच दिवस धरू नका. तोंडाचे सर्जन विल्यम बेल यांनी १९६९ साली ऱ्हिसस माकडांच्या वरच्या जबड्याच्या रक्तपुरवठ्यावर काम केलं, ते वेगवेगळ्या टप्प्यांवर बघितलं म्हणूनच पटण्यासारखं आहे. शाई पहिल्या आठवड्यातच बघा. पेशींचं मात्र उलट आहे. रक्त तुटलं तरी ऑस्टिओसाइट (हाडाच्या पेशी) सुरुवातीला जागेवर दिसतात, त्यांच्या पोकळ्या रिकाम्या दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तिसऱ्या दिवसाची स्लाइड बघून "पेशी शाबूत आहेत" असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच पकडतील.

जमलं तर टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिकही द्या, डोस पशुवैद्यांना विचारून. नवं हाड बनतंय तिथे ते कॅल्शियमला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात पिवळं चमकतं. पण तो तुकडा ॲसिडमध्ये डिकॅल्सिफाय केलात (कॅल्शियम काढून मऊ केलात) तर सगळं धुऊन जाईल. डिकॅल्सिफाय न करता कडक हाडाचेच पातळ काप काढणारी लॅब आधी शोधून ठेवा. मी शोधायला लागलो तेव्हा वाशी-ठाणे ट्रान्स-हार्बर लोकलच्या इतक्या खेपा झाल्या की टीसी ओळखायला लागले होते.

आता ऑफिसबद्दल. चूक कळल्यावर मी सशांची संख्या वाढवून मागितली. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या संस्थेच्या समितीचं काम बघणाऱ्या ऑफिसने आधी "साधा अर्ज चालेल" म्हणून सांगितलं, तीन महिन्यांनी "नवा फॉर्म बी (परवानगीचा अर्ज) भरा", आणि नंतर फाइलच सापडेना. टेबलावरच्या माणसाला मुदतवाढीचं काही सोयरसुतक नव्हतं. माझं एक सत्र त्यात गेलं. तुमच्याकडे असंच होईल असं नाही, नियमही तेव्हापासून बदलले असतील, पण तोंडी उत्तरावर विसंबू नका, पोच घ्या. सशासाठी संस्थेची समिती पुरते. कुत्रा किंवा मेंढी म्हटलं की केंद्रीय समितीकडे जावं लागतं, त्या वाटेला पीजीच्या तीन वर्षांत जाऊ नका.

एक राहिलं. पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) हाडापासून खरवडू नका, अगदी "थोडंसं"सुद्धा नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये फिब्युलाचे (पोटरीतल्या बारीक हाडाचे) तुकडे करून जबडा घडवतात तेव्हा ज्या तुकड्यात हाडाची मुख्य पोषक धमनी येत नाही, तो पेरिऑस्टियमच्याच रक्तावर जगतो. १९७४ मध्ये ऑस्ट्रुप आणि फ्रेड्रिक्सन यांनी कुत्र्याची बरगडी वाहिन्या जोडून जबड्यात बसवली, माणसातली फिब्युला पुढच्याच वर्षी आली, तीही आधी पायाच्या हाडासाठी. तुमचं काम त्याच वाटेवरचं आहे.

मी तुमचा गाईड नाही, शेवटचा शब्द त्यांचाच. पण सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) अजून जमा केली नसेल तर गटांचा तक्ता इथे टाका, आज रात्रीच बघतो.