ज्वारीचा जीनोम मोजून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने बी.एड. करून नोकरीला लागावं असं आम्हाला वाटतं. ती म्हणते, गवताच्या कुळातल्या पिकांचे जीनोम इतके लहान-मोठे का, यावर संशोधन करायचंय. आम्ही ज्वारी पिकवणारी माणसं. यात काही भवितव्य आहे का?
– एक पालक, मंगळवेढा तालुका

उत्तर : मुलीने धरलेला विषय तुमच्याच रानातला आहे, म्हणून आधी त्याबद्दल सांगतो. भात, ज्वारी, मका, गहू ही सगळी गवताच्या कुळातली. त्यांच्या पेशीतला सगळा डीएनए, म्हणजेच जीनोम, अक्षरांत मोजतात. भाताची सुमारे ३९ कोटी अक्षरं, ज्वारीची ७३ कोटी, मक्याची २३० कोटी आणि चपातीच्या गव्हाची जवळपास १६०० कोटी. ज्वारी आणि मका तर जवळचे भाऊबंद, गुणसूत्रंही दोघांची वीस-वीस. जनुकांच्या संख्येत फार तफावत नाही, तरी मक्याचा जीनोम तिप्पट! कारण मक्याचा सुमारे ८५ टक्के डीएनए अशा तुकड्यांचा आहे, ज्यातले बहुतेक स्वतःच्या प्रती काढून दुसरीकडे घुसवत राहतात. जागा बदलणारे तुकडे असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यातच ओळखलं. १९८३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. गव्हाचं वेगळं. तीन गवतांचे जीनोम संकरातून एकत्र आले, म्हणून त्याची गुणसूत्रं ४२. ऑस्ट्रेलियातल्या एका रानटी भाताचा जीनोम मात्र गुणसूत्रं न वाढताच दुपटीच्या वर गेला. शिवाय डीएनए नुसता वाढत नाही, गळूनही जातो. ही भर आणि घट प्रत्येक जातीत वेगळी का, हाच तिचा प्रश्न आहे, आणि तो खरोखर मोठा आहे.

त्याचा शेतीला उपयोग काय, असं तुमच्या मनात येईल. भाताचा जीनोम २००५ मध्ये वाचून झाला, ज्वारीचा २००९ मध्ये. गव्हाचा नीट वाचायला २०१८ उजाडलं, कारण तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि कुठला कुठे बसवायचा ते कळत नाही. तांबेरा रोगाला दाद न देणारं जनुक त्या पसाऱ्यातून हुडकायचं असतं. हे काम जमणारी माणसं संशोधन संस्थांना लागतात, बियाणे कंपन्यांनाही लागतात.

आता पैशाचं. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पुढे पीएच.डी.ची पाच-सहा. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, म्हणजे घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. पण कायमची जागा तिशीच्या आत क्वचितच मिळते, आणि हे तिच्याशी आजच स्पष्ट बोला. संशोधन नाही जमलं तरी एम.एस्सी. वाया जात नाही. त्यावर बी.एड. केलं की ज्युनियर कॉलेज, नेट-सेट झाली की सीनियर कॉलेज. नुसत्या बी.एस्सी.-बी.एड.ला हे दोन्ही रस्ते बंद असतात.

तरीही लगेच होकार देऊ नका. आधी तिला हे काम हाताने करू द्या. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भरायला सांगा. जीनोम मोजायचा म्हणजे नखाएवढं कोवळं पान, सोबत तुलनेसाठी जीनोम माहीत असलेल्या झाडाचं पान, दोन्ही थंड द्रावणात ब्लेडने बारीक चिरायची, बारीक जाळीतून गाळायची, रंग घालायचा आणि यंत्रात सोडायची. पेशीकेंद्रकं एकेक करून लेसरसमोरून जातात. जितका डीएनए जास्त तितकी चमक जास्त. यात रमली तर उत्तम. मात्र पुढचं बरंचसं काम कॉम्प्युटरवर असतं, तेव्हा पायथन आणि आर या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि संख्याशास्त्र तिने आतापासूनच हाती घ्यावं. माझ्या मते या विषयात मुलं अडतात ती इथेच.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम या राष्ट्रीय परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी-पीजी, दोन्ही द्यावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गव्हावर काम चालतं. हैदराबादला भरड धान्यांची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचं रब्बी ज्वारीचं केंद्र तर सोलापुरातच. तिथे एकदा दोघं मिळून जाऊन या. मालदांडीबद्दल तुम्हालाही विचारण्यासारखं बरंच असेल. बी.एड.च्या सीईटीचा अर्ज तोवर भरून ठेवा, निर्णय उन्हाळ्यातलं काम संपल्यावर घ्या.