जुन्या सायकलला ड्युअल पिव्होट ब्रेक बसवताना

म्हणजे वडिलांची जुनी २६ बाय १ ३/८ ची सायकल आहे, स्टीलचे कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक), क्रोमच्या रिम, पावसात ब्रेक लागतच नाही आणि घरीच डिस्क किंवा व्ही-ब्रेक बसवता येतील का असं विचारताय.

डिस्क डोक्यातून काढून टाका. डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) एकाच पायावर, तोही खाली अ‍ॅक्सलपाशी येतो आणि हा चिमटा त्यासाठी बनवलेलाच नाही, क्लॅम्पने आवळायचे अ‍ॅडाप्टर मिळतात ते तर पुढे अजिबात लावू नका. व्ही-ब्रेकसाठी (दोन लांब हातांचा ब्रेक) चिमट्यावर बॉस, म्हणजे ते हात बसवायच्या खुंट्या, पितळेने झाळून घ्यावे लागतात, रंग जळतो, वर लिव्हरही बदलावा लागतो कारण त्याला साध्या कॅलिपरच्या जवळपास दुप्पट केबल ओढावी लागते. तुम्हाला लाँग रीच ड्युअल पिव्होट कॅलिपरच बरा, म्हणजे लांब हातांचा आणि दोन खिळींवर फिरणारा.

पण आधी रिम बघा! ओल्या क्रोमवर रबर घसरतंच, कितीही भारी कॅलिपर लावा. अ‍ॅल्युमिनियमची रिम टाकली की पावसातला ब्रेक एकदम बदलतो, आणि पैसे पुढच्या चाकावरच घाला, कारण ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं आणि थांबवायचं खरं काम पुढचा ब्रेकच करतो. जुन्या चाकांना बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, मोजून बघा. ३२ भोकांची ७००सी (तुमच्यापेक्षा मोठ्या मापाची) रिम सहज मिळते, म्हणजे पुढचा हब तोच राहतो, स्पोक मात्र नवीन लागतील. मागे ४० भोकांची अ‍ॅल्युमिनियम रिम शोधत बसू नका, चांगली रबरं टाका आणि सध्या राहू द्या.

७००सी मुळे दुसरा फायदा होतो. तुमच्या रिमचा व्यास ५९० मिमी, ७००सी चा ६२२, म्हणजे ब्रेक लागायची जागा १६ मिमी वर सरकते. आता पट्टी घ्या, चिमट्याच्या ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून सध्याच्या रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यातून १६ वजा करा. टेक्ट्रो आर५५९ या अशाच कॅलिपरचा रीच (भोकापासून रबरापर्यंतचं अंतर) ५५ ते ७३ मिमी आहे, आकडा त्यात बसला तरच मागवा. २८ मिमी रुंदीचा टायर घेतला तर चाक त्रिज्येत साधारण ७ मिमीच मोठं होतं, तेवढी जागा मडगार्डखाली आहे का तेही बघून ठेवा.

बोल्टपाशी बहुतेक जण अडतात. जुन्या चिमट्याला आरपार ६ मिमी भोक असतं, नवीन कॅलिपरचा नट ८ मिमीचा आणि भोकाच्या आत शिरणारा. बाहेरून साधा नट लावायचं मॉडेल मिळालं तर प्रश्नच नाही, नाहीतर चिमट्याची फक्त मागची भिंत ८ मिमी ड्रिल करायची, पुढची ६ चीच ठेवायची. चाक काढा, हँडल आडवं वळवा म्हणजे ड्रिल डाऊनट्यूबला अडत नाही, आणि सावकाश करा. कॅलिपर आणि गोल क्राऊनच्या (चिमट्याच्या वरच्या भागाच्या) मध्ये वक्र वायसर टाकायला विसरू नका, नाहीतर कॅलिपर हलत राहतो.

केबल आतली-बाहेरची दोन्ही नवीन घ्या, आणि बाहेरची ब्रेकचीच हवी, गिअरची चालत नाही, जोरात दाबल्यावर ती फाटू शकते. रबराच्या होल्डरची बंद बाजू पुढे ठेवा, उलटी लावली तर ब्रेक मारताना रबर घसरून बाहेर येईल. रबर टायरला अजिबात लागता कामा नये. घट्ट करताना रबराचं मागचं टोक आणि रिम यांच्यात व्हिजिटिंग कार्ड धरा, किंचाळणं बरंच कमी होतं.

रस्त्यावर नेण्याआधी उभ्या उभ्या लिव्हर पूर्ण ताकदीने पाच-सहा वेळा दाबा, केबल नटातून सरकत असेल तर इथेच कळेल. पहिले काही दिवस केबल थोडी सैल पडेल, ती बॅरल अ‍ॅडजस्टरने (केबलच्या टोकाशी हाताने फिरवायच्या स्क्रूने) ओढून घ्या. भोकापासून रिमपर्यंतचं अंतर मोजून आकडा इथे टाका, कॅलिपर बसेल का बघून सांगतो.