मालगाडीच्या माणसांचा सन्मान

मालगाड्यांवरची तीन पत्रं या वेळी घेतोय. मी स्वतः यार्डात टीएक्सआर होतो, म्हणजे गाडी सुटायच्या आधी एकेक वाघीण, म्हणजे मालडबा, तपासणारा माणूस, त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: सर, मी नागपूरला मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. २०२२ च्या १५ ऑगस्टला कोरब्याहून राजनांदगावला 'सुपर वासुकी' गेली, २९५ वाघिणी, साडेतीन किलोमीटर लांब, २७ हजार टन कोळसा. बातमीत गाडीचं नाव आलं, पण एवढी लांब गाडी ज्यांच्या डोक्यामुळे चालते त्यांची नावं कुठेच नाहीत. अशा लोकांना काही पुरस्कार वगैरे असतात का?

उत्तर: असतात. अमेरिकेत १९६४ पासून दरवर्षी 'रेलरोडर ऑफ द इयर' निवडतात, आणि पहिला मान मिळाला तो तिथल्या सदर्न रेल्वेच्या डी. डब्ल्यू. ब्रॉस्नन यांना. आपल्याकडे रेल्वे सप्ताहात मंत्र्यांच्या हस्ते अति विशिष्ट रेल सेवा पुरस्कार देतात. जड मालवाहतुकीवर काम करणाऱ्यांची जागतिक परिषद पहिल्यांदा भरली १९७८ ला ऑस्ट्रेलियात पर्थला, आणि २०१३ ला ती आपल्या नवी दिल्लीतही झाली. पण तुझा खरा प्रश्न नावांचा आहे ना, मग नावंच सांगतो.

आधी यार्डात ये. दोन वाघिणींच्या मध्ये जो लोखंडी पंजा दिसतो त्याला आपण सीबीसी म्हणतो, सेंटर बफर कपलर. हँडल उचललं की नकल, म्हणजे पंजाचं पुढचं फिरतं बोट, उघडतं, मागून वाघीण हळू ढकलली की दोन पंजे एकमेकांत बसतात, खट्ट आवाज येतो, लॉक खाली पडतं, झालं. माणसाला मध्ये शिरायची गरज नाही. हा पंजा मूळ एली जॅनी यांचा, पेटंट १८७३ चं. जॅनी काही मोठे इंजिनिअर नव्हते, व्हर्जिनियात कापडाबिपडाच्या दुकानात कारकून होते, आणि लाकूड कोरून कोरून त्यांनी मॉडेल बनवलं. त्याआधी अमेरिकेत कडी आणि खिळा असायचा, वाघीण येऊन आदळायच्या क्षणी ब्रेकमनने हाताने कडी धरायची, म्हणून बोटं तुटलेला माणूस दिसला की हा रेल्वेतला हे लोकांना न सांगता कळायचं.

आता बघ, पेटंट १८७३ चं आणि असे आपोआप जुळणारे पंजे सक्तीचे करणारा कायदा झाला १८९३ ला. मधली वीस वर्षं बोटं तुटतच होती कारण कंपन्यांना खर्च नको होता. तो कायदा व्हावा म्हणून जे पाठी लागले ते लोरेन्झो कॉफिन, आयोवातले एक शेतकरी. एका ब्रेकमनची उरलीसुरली बोटं गाडी जोडताना गेली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तिथून त्यांनी हा विषय सोडलाच नाही, सभा घेतल्या, पत्रं लिहिली, पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले. कॉफिन यांनी एक बोल्टसुद्धा बनवला नाही, पण माझ्या यादीत ते जॅनी यांच्या शेजारीच बसतात.

मग ब्रेक. गाडीभर गेलेल्या नळीतली हवा सोडली की ब्रेक लागतो. हा हवेचा ब्रेक ज्यांचा, त्या जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांचं नाव तू पुस्तकात वाचलंच असशील, पण त्यांचं मोठेपण मला दिसतं ते १८८६-८७ च्या अमेरिकेतल्या बर्लिंग्टनच्या चाचण्यांत. पन्नास वाघिणींची गाडी, पुढे ब्रेक लागला पण मागे हवेचा इशारा पोचेपर्यंत मागच्या वाघिणी पुढच्यांवर जाऊन धडकल्या, गाडीत बसलेली माणसं फेकली गेली. चारचौघांत झालेली फजिती होती ती. त्यांनी परत जाऊन व्हॉल्व्हच बदलला, असा की प्रत्येक वाघीण आपल्यापुरती हवा तिथल्या तिथे सोडेल आणि इशारा मागे झपाट्याने जाईल. पिट्सबर्गमध्ये त्यांचं स्मारक आहे, १९३० चं, त्यांच्याच कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढून उभारलेलं. मालकासाठी कामगारांनी पैसे काढले, याहून मोठा सन्मान मला तरी माहीत नाही.

तरी साडेतीन किलोमीटरला इशारा पोचायला दहा-पंधरा सेकंद जातातच, आणि सगळी ओढ पुढूनच दिली तर पुढची नकलं तुटतात, गाडीचे दोन तुकडे. म्हणून मध्ये मध्ये इंजिनं लावतात. ती मधली इंजिनं पुढच्या ड्रायव्हरने रेडिओवरून चालवायची ही पद्धत १९६० च्या दशकात पहिल्यांदा वापरणाऱ्यांत ब्रॉस्नन यांची सदर्न रेल्वे होती. धान्यासाठी शंभर टन माल घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या वाघिणीही त्यांनीच आणल्या, भाडं इतकं खाली आणलं की भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. माणूस कडक होता, यंत्रं आणली आणि नोकऱ्याही फार कमी केल्या, हे त्यांच्या सन्मानासोबत सांगायलाच हवं. त्याच रेडिओच्या पद्धतीवर २००१ च्या २१ जूनला पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजाची ६८२ वाघिणींची, ८ इंजिनांची, ७ किलोमीटरच्या वर लांब गाडी एकाच ड्रायव्हरने पोर्ट हेडलंडपर्यंत नेली, इंजिनांसकट वजन जवळजवळ एक लाख टन.

आणि एक नाव वहीत लिहून ठेव, हर्बर्ट शेफेल, दक्षिण आफ्रिका. वळणावर चाक रुळाला घासतं, चाकही झिजतं आणि रूळही. शेफेल यांनी बोगीतले, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या सांगाड्यातले, दोन ॲक्सल तिरक्या दांड्यांनी एकमेकांना असे बांधले की वळण आलं की ते आपोआप वळणाप्रमाणे फिरतात आणि सरळ रुळावर डगमगत पण नाहीत. वर्षानुवर्षं चाकांची झिज मोजत आलेल्या माणसाला विचार याची किंमत काय ते. सिशेन ते साल्डान्हा ही ८६१ किलोमीटरची खनिजाची लाइन, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा कितीतरी अरुंद, १०६७ मिलिमीटरची. तिच्यावर १९८९ ला ६६० वाघिणींची, ७१ हजार टनांच्या वरची गाडी चालवून दाखवली.

प्रश्न: खंडाळ्याला फिरायला आलो की घाटातून मालगाडी चढताना दिसते, मागून इंजिनं ढकलत असतात. हा घाट बांधला त्याचं श्रेय कोणाला द्यायचं? (कर्जतचे एक वाचक)

उत्तर: मागच्या त्या इंजिनांना बँकर म्हणतात, चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, बँकरशिवाय जड गाडी निघणारच नाही. आखणीचं श्रेय जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली यांचं, ते १८६२ ला गेले आणि घाट सुरू झाला १८६३ च्या एप्रिलमध्ये, त्यांना तो चालू झालेला बघायला मिळाला नाही. पण मला आठवण काढावीशी वाटते ती ॲलिस ट्रेडवेल यांची. नवरा सॉलोमन ट्रेडवेल कंत्राटदार, १८५९ ला इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणात वारला. परका देश, पदरात एवढं मोठं काम, तरी ही बाई परत गेली नाही, कंत्राट अंगावर घेतलं, दोन इंजिनिअर हाताशी धरले आणि काम तडीस नेलं. १८६१ मध्ये तिथे ४० हजारांच्या वर मजूर राबत होते आणि कॉलऱ्याने त्यातले किती गेले याला गणती नाही. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. पुढच्या वेळी पॉइंटवर फोटो काढाल तेव्हा मुलांना एवढं तरी सांगा.

प्रश्न: काका, बाबा पुढच्या महिन्यात भुसावळहून रिटायर होतायत, मालगाडीचे लोको पायलट. त्यांनी कधी राजधानी चालवली नाही म्हणून पाहुणे विचारतात, "म्हणजे फक्त मालगाडी का?" तेव्हा बाबा गप्प बसतात. सोसायटीत सत्कार करायचाय, शाल-श्रीफळ सोडून काय करता येईल?

उत्तर: बाळ, पत्र दोनदा वाचलं. "फक्त मालगाडी" हे मीही आयुष्यभर ऐकलंय गं. अठ्ठावन्न वाघिणींचा भरलेला कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, उतारावरून खाली आणायचा तर ब्रेक थोडा आधी लागला तर गाडी पुढच्या चढावर अडकते, थोडा उशिरा लागला तर काय होतं ते नुसतं मनात आणायचं. ब्रेकच्या हवेचा पाच किलो प्रेशरचा काटा, कानात इंजिनाचा आवाज आणि ढुंगणाखाली गाडीचे हिसके, एवढ्यावर तो माणूस पाऊण किलोमीटर मागच्या वाघिणीत काय चाललंय ते ओळखतो. आणि तेही ड्युटी कधी लागेल, जेवण कुठे मिळेल आणि कुठल्या लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, किती तास गाडी उभी राहील याचा पत्ता नसताना.

शाल द्या, नक्की द्या. पण त्याआधी बाबांबरोबर दोन संध्याकाळी बस आणि विचारत जा, कुठल्या सेक्शनला पहिला रेक नेला, कधी नकल तुटलं, कोणाबरोबर होता तेव्हा. सुटं नकल दोघांनी मिळून उचलून, अंधारात, पावसात कितव्या तरी वाघिणीपर्यंत चालत नेलेलं असतं, तो किस्सा ऐकच आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. त्यातले दोन किस्से कार्यक्रमात तू स्वतः वाच, सूत्रसंचालकाला देऊ नकोस. त्यांच्या बरोबरचे गार्ड, हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि त्या सेक्शनचा एखादा कीमन यांना पुढच्या रांगेत बसव, कारण थंडीच्या पहाटे हातोडी आणि चाव्या घेऊन रूळ बघत चालणारा तोच असतो, आणि तडा त्याने पाहिला नाही तर पुढचे सगळे शोध वाया.

आणि कार्यक्रम रविवारी सकाळी ठेवू नका, सगळे तसंच करतात. रनिंग स्टाफला रविवार नसतो. आधी त्यांच्या चार मित्रांना फोन कर, कोणाची कधी रेस्ट आहे ते विचार आणि मग हॉल बुक कर.