'पश्चात्ताप होणे' आणि 'पश्चात्ताप करणे'

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ख्रिस्ती मित्राची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते मंडळीसमोर सांगतात ती, मराठीत टाइप करून द्यायचीय. आयुष्यातली बरीच वर्षं त्याने वाया घालवलीयत, लोकांना फसवलंय, आणि ते तो लपवत नाही. त्याचं वाक्य आहे "पश्चात्ताप करून मी मोकळा झालो". विचारणाऱ्याला वाटतं की पश्चात्ताप 'होतो', तो कुणी 'करत' नाही, शिवाय शब्दातच ताप आहे तर माणूस मोकळा कसा होईल? आणि पुढे एकदा "मी पापी होतो" आलंय, एकदा "मी पापी आहे", तर कुठलं ठेवायचं?

माझं मत विचाराल तर त्या पहिल्या वाक्याला अजिबात हात लावू नका.

तुमच्या कानाला खटकलं ते मात्र बरोबरच आहे. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणं, पोळणं. रोजच्या बोलण्यातला पस्तावा ह्याच शब्दातून घासून घासून आलाय. आणि पस्तावा आपल्याला होतोच, "मला पस्तावा झाला", "नंतर पस्तावशील", त्यात आपल्या हातात काही नसतं, भूक लागावी तसा तो आपोआप येतो. म्हणून "पस्तावा कर" असा हुकूम कोणी सोडत नाही. पण मराठी बायबलमध्ये येशूच्या प्रचाराची सुरुवातच "पश्चात्ताप करा" अशी आहे, सरळ आज्ञार्थ, आणि भावनेला आज्ञा देता येत नाही, म्हणजे इथे भावनेपेक्षा वेगळं काहीतरी मागितलं जातंय हे निव्वळ क्रियापदावरूनच कळतं.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, ग्रीकमध्ये लिहिलाय, तिथला मूळ शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन बदलणं, विचाराची दिशाच बदलणं. आणि त्याच्यामागे जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या आधीच्या भागातलं, हिब्रू क्रियापद आहे शूव, त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, परत येणं. दोन्हींत ताप कुठेच नाही. मग दुःखाचं काय, तर प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला दुसऱ्या पत्रात (अध्याय ७) लिहितो की देवाच्या इच्छेला धरून झालेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे. म्हणजे दुःख वेगळं आणि पश्चात्ताप वेगळा, एक दुसऱ्याकडे नेऊ शकतं एवढंच.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो यहूदा आणि पेत्र ह्या दोघांत, दोघेही येशूचे शिष्य आणि दोघेही एकाच रात्री चुकलेले, यहूदाने पैसे घेऊन येशूला पकडून दिलं आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. यहूदाला पस्तावा झाला, अगदी खरा झाला, त्याने चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली, "मी पाप केलं" असंही म्हणाला. पण मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात तिथे मेटानोइयाचं क्रियापद वापरलेलं नाही, मेटामेलोमाय हे दुसरं वापरलंय, ज्यात मनाला लागून राहणं, हळहळणं जास्त आहे. तो याजकांकडे गेला, ते म्हणाले आम्हाला काय त्याचं, आणि तिथून तो एकटाच निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्रही त्या रात्री ढसाढसा रडला, पण तो शेवटी येशूपाशी येऊन पोचला. दुसरा शुभवर्तमानकार योहान, त्याने इथे एक बारीक गोष्ट टिपलीय जी मला फार महत्त्वाची वाटते. पेत्राने "मी त्याचा शिष्य नाही" म्हटलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, आणि पुनरुत्थानानंतर समुद्रकिनाऱ्यावर येशू त्याला भेटतो तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, आणि ह्या अर्थाचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात ह्या दोनच ठिकाणी येतो. तीनदा नाकारलं होतं तर तीनदाच विचारलं जातं, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि प्रत्येक वेळी लगेच काम सोपवलं जातं, माझी मेंढरं सांभाळ. चूक झाकली नाही, उगाळलीही नाही, पण पेत्र म्हणजे कोण हे आता त्या रात्रीवरून ठरत नाही, त्याला हाक कोणी मारली त्यावरून ठरतं.

लॅटिन भाषांतरातल्या "पश्चात्ताप करा" वरून पुढे पुष्कळ वाद झाले, कारण ते शब्द प्रायश्चित्त घेण्याकडे झुकत होते. इरॅस्मस ह्या विद्वानाने १५१६ मध्ये नव्या कराराचा ग्रीक पाठ छापल्यावर मूळ अर्थ पुन्हा चर्चेत आला आणि जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांपैकी पहिलाच हा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं अशी प्रभूची इच्छा आहे.

ते सगळं आयुष्य म्हणजे काय हे जॉन न्यूटन ह्या इंग्लिश खलाशाकडे बघून कळतं. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडल्यावर तो देवाकडे वळला, आणि तरी त्यानंतर गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला, १७५४ पर्यंत. पुढे पाळक झाला आणि १७८८ मध्ये त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका काढून त्यात आपला हात होता हे जाहीर कबूल केलं. वळल्यापासून चाळीस वर्षांनी! मला ह्यात ढोंग दिसत नाही, वळणं किती लांबलचक असू शकतं ते दिसतं, आणि त्या चाळीस वर्षांत ज्यांनी भोगलं त्यांचं दुःख त्यामुळे कमी होत नाही हेही तितकंच खरं.

आता "मोकळा". पापक्षमा ह्यातल्या क्षमेला ग्रीकमध्ये अफेसिस आहे, म्हणजे सोडून देणं, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे तिथेही हाच शब्द आहे. तेव्हा मोकळा हा शब्द तुमच्या मित्राने अगदी नेमका टाकलाय. फक्त मोकळा म्हणजे देणंघेणं संपलं असं नाही, जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट परत करतो म्हटलं होतं, आणि त्याच्या घराला तारण मिळालंय हे येशू लगेच त्यापुढे बोलतो. साक्षीत कोणाचे पैसे फेडले, कोणाची माफी मागितली असं काही असेल तर "हे खाजगी आहे" म्हणून परस्पर गाळू नका, त्यालाच विचारा.

होतो की आहे? दोन्ही ठेवा. पौल करिंथच्या मंडळीला चोर, दारुडे अशी यादी देऊन सांगतो की तुमच्यातले काही जण तसे होते, भूतकाळ. आणि तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्याला लिहिताना म्हणतो की ख्रिस्त पापी लोकांना तारायला आला आणि त्यांच्यात मी पहिला आहे, तिथे मूळ ग्रीकमध्ये स्वच्छ वर्तमानकाळ आहे. जे केलं त्यासाठी 'होतो', आणि अजून कृपेवरच जगतोय हे सांगायला 'आहे'. मित्राने कुठलं वाक्य कुठल्या अर्थाने लिहिलंय ते एकदा बसून बघा म्हणजे झालं. आणि पश्चात्ताप लिहिताना त दोनदा, पश्चात् मधला एक आणि ताप मधला एक, 'पश्चाताप' असं खूप ठिकाणी दिसतं पण ते चूक आहे.