रिमोट सेन्सिंगमध्ये जायचंय, पण कोडिंग कच्चं आहे. जमेल का?

तुम्ही म्हणताय बीएस्सी फिजिक्स चालू आहे, पर्यावरणाच्या रिमोट सेन्सिंगमध्ये (म्हणजे सॅटेलाइटच्या इमेजवरून जमिनीचा, झाडीचा अभ्यास) सायंटिस्ट व्हायचंय पण कोडिंगची भीती वाटते. जमेल हो! मी मुंबईच्या खाड्यांमधल्या खारफुटीवर हेच काम करते, आणि पायथन मी पीएचडीला लागल्यावर शिकले, काम समोर आलं की येतं ते.

अवघड काय आहे सांगू का, सॅटेलाइटला दिसलेला बदल खरंच झालाय का हे ओळखणं. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा नियर इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत पाठवतं, या दोन्हीवरून एनडीव्हीआय नावाचा आकडा काढतात, आकडा मोठा म्हणजे झाडी दाट. आता सेंटिनेल-२ हा सॅटेलाइट मुंबईवरून जातो तो नेहमी सकाळी ११ च्या आसपास, पण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एका इमेजमध्ये ठाणे खाडीत ओहोटी असते आणि दुसरीत खाडी तुडुंब. पाणी इन्फ्रारेड जवळपास सगळं शोषतं, मग कडेच्या विरळ, बुटक्या तिवरांचा (खारफुटीच्या झाडांचा) एनडीव्हीआय एकदम पडतो आणि स्क्रीनवर वाटतं इथली झाडं तोडली. झाडं जागेवरच असतात! कोड बिनचूक असला तरी उत्तर चुकतं. २०१८ मध्ये हायकोर्टाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली, म्हणजे आपला नकाशा उद्या एखाद्या केसमध्ये पुरावा म्हणून जाऊ शकतो, तिथे असं चुकून चालत नाही. म्हणून आधी भरतीचं टेबल बघायचं, मग चिखलात उतरून बघायचं, आणि कोळीवाड्यातल्या लोकांशी बोलायचं, भराव कुठे पडतोय ते त्यांना आपल्याआधी माहीत असतं.

पावसाळ्यात ढगांमुळे हे फोटो जवळपास कामाचे नसतात, तेव्हा ढगांच्या आरपार बघणारं सेंटिनेल-१ सॅटेलाइटचं रडार लागतं, आणि तिथे तुमचं फिजिक्स खूप उपयोगी पडेल.

शिक्षणाचं म्हणाल तर एमएस्सी करून गेटची परीक्षा द्या, पवईला आयआयटीत सीएसआरई हे रिमोट सेन्सिंगचं सेंटर आहे, डेहराडूनला इस्रोची आयआयआरएस ही रिमोट सेन्सिंग शिकवणारी संस्था आहे, त्यांचे ऑनलाइन कोर्स आत्तापासून करता येतील. पर्मनंट जागा कमी निघतात, सुरुवातीला प्रोजेक्टवरच काम करावं लागतं, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आजच कॉम्प्युटरवर टाका, फुकट आहे. सेंटिनेलचा डेटापण फुकट. घराजवळच्या खाडीची जानेवारीतली एक भरतीची आणि एक ओहोटीची इमेज घेऊन दोन्हींचा एनडीव्हीआय काढा, काही अडलं तर इथेच कमेंटमध्ये विचारा, मी बघते.